पोरांच्या ताटाचा धनी कोण ?

(एका खेडेगांवच्या पालकसभेंत तेथील प्राथमिक शिक्षकानें केलेलें भाषण)



आजची सभा अंड्यांच्या वर्गणीबद्दल आहे, हें तुम्हांस शाळेच्या फळ्यावरून व फोनवरच्या निरोपावरून कळलेंच आहे. वर्गणीचा कागद शेवटीं फिरेल. परंतु त्याआधीं एका प्रश्नाचा निकाल लागला पाहिजे. हा प्रश्न पारावर निघतो, चुलीपाशीं निघतो, आणि आम्हां शिक्षकांच्या केंद्रपरिषदेंतही निघतो. शाळेंत जाणाऱ्या पोराचें पोट भरणें हें काम कोणाचें ? कोणी म्हणतो, ज्यानें जन्म दिला त्याचें. कोणी म्हणतो, तांदूळ सरकार देतें, मग तें सरकारचें. कोणी मास्तरांकडे बोट दाखवितो. आणि मास्तर म्हणतात, आम्हांस शिकविण्यासाठीं नेमलें आहे, तांदूळ मोजण्यासाठीं नव्हे. जो तो दुसऱ्याचें नांव घेतो आणि मध्यें पोर ताट घेऊन उभें राहतें.

आम्हांस या कामांत वीस वर्षें झालीं. अध्यापक विद्यालयांत आम्हांस बालमानसशास्त्र शिकविलें, पाठाचें टांचण काढावयास शिकविलें. परंतु सकाळीं अकरा वाजतां पोर जांभया कां देतें, हें कोणी शिकविलें नाहीं. तें आम्ही वर्गांत पाहून शिकलों. आई सात वाजतां खुरपणीला जाते. पोर चहांत बटर बुडवून खातें आणि दप्तर उचलतें. दुसऱ्या तासाला त्याचें डोकें पाटीवर येतें. मग आम्ही त्यास ढ म्हणतों, आणि तुम्हीही घरीं म्हणतां कीं याच्या नशिबीं विद्या नाहीं. नशिबाचा यांत कांहीं संबंध नाहीं. आडांत नाहीं तें पोहऱ्यांत कोठून येणार ?

आणि हें एकट्या आपल्या गांवचें गाऱ्हाणें आहे असेंही समजूं नका. सरकारनेंच २०१९ ते २०२१ या सालांत केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत असें आढळलें कीं, महाराष्ट्रांत पांच वर्षांच्या आंतील शंभर मुलांपैकीं पस्तीस वयाच्या मानानें खुजीं आहेत, आणि सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंतच्या शंभरांपैकीं जवळजवळ एकुणसत्तर मुलांच्या अंगांत रक्त कमी आहे. हींच मुलें सहाव्या वर्षीं आमच्या पहिलीच्या वर्गांत येऊन बसतात. आम्हांस हातीं मिळतें तें असें पोर. त्यास अ आ इ ई शिकवा, असा हुकूम आहे.

आतां थोडी जुनी हकीकत ऐका, कारण तिच्यांत आपल्या प्रश्नाचें अर्धें उत्तर आहे.

शाळेंत पोरांस जेवूं घालावें ही कल्पना कोणा परदेशी पंडितानें आपल्या गळ्यांत बांधलेली नाहीं. १९२० सालीं मद्रास शहराच्या नगरपालिकेंत ब्राह्मणेतर पक्षाचा, ज्यास जस्टिस पार्टी म्हणत, त्याचा जोर होता आणि सर पी. त्यागराय चेट्टी हे तिचे अध्यक्ष होते. त्या मंडळींनीं ठराव केला कीं, थाउजंड लाइट्स भागांतील पालिकेच्या शाळेंत मुलांस सकाळचें खाणें द्यावें, आणि दर मुलामागें दररोज एक आण्याहून अधिक खर्च होऊं नये. कारण साधें होतें. गरिबांचीं पोरें उपाशीं येत, म्हणून टिकत नसत. कित्येक येतच नसत. ज्यांच्या घरीं पिढ्यान्‌पिढ्या दौत-लेखणी होती त्यांच्या पोरांस शाळेंत येण्यासाठीं जेवणाची लालूच लागत नव्हती. ती लागली कुंभाराच्या, कोळ्याच्या, मजुराच्या पोरास. पुढें इंग्रज सरकारनें शिक्षणफंडांतून हा खर्च करण्यास हरकत घेतली, आणि १९२५ सालीं तें खाणें बंद पडलें. पैसा कोणत्या सदराखालीं टाकावा यावर घोडें पेंड खाऊं लागलें. हें सदराचें प्रकरण ध्यानांत ठेवा, पुन्हा त्याचें काम पडणार आहे.

स्वराज्यांत त्याच प्रांतांत के. कामराज मुख्यमंत्री असतां १९५६ सालीं दुपारचें जेवण शाळाशाळांतून सुरू झालें. कामराज स्वतः लहानपणींच शाळा सुटलेले गृहस्थ. १९८२ सालीं एम. जी. रामचंद्रन यांनीं तें मोठ्या प्रमाणावर वाढविलें. तेव्हां पुष्कळ शहाण्या लोकांनीं हिशेब मांडून दाखविला कीं, एवढ्या पैशांत कारखाने निघाले असते. आज तामिळनाडूंत पोरांच्या पानांत शाळेच्या आठवड्याला पांच अंडीं पडतात, आणि १५ सप्टेंबर २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांतून सकाळची न्याहारीही सुरू झाली. कारखानेही त्या प्रांतांत कांहीं कमी निघाले नाहींत.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजीं केंद्र सरकारची योजना आली. आरंभीं शिजवलेलें अन्न नव्हतें. हजेरी भरली तर महिन्यास तीन किलो तांदूळ घरीं मिळत. तुमच्यांतील पुष्कळांनीं ती तांदळाची पिशवी डोक्यावरून नेली असेल. तो तांदूळ घरांतल्या सगळ्यांच्या ताटांत वाटला जाई, आणि वाईट साल असेल तेव्हां दुकानांतही जाई. पोराच्या पोटांत किती गेला, तें त्या चुलीसच ठाऊक. पुढें २००१ सालीं देशांत दुष्काळ, सरकारी गोदामांत धान्याचे डोंगर, आणि लोक उपाशीं, असा प्रकार झाला तेव्हां लोकांच्या एका संघटनेनें सर्वोच्च न्यायालयांत दाद मागितली. २८ नोव्हेंबर २००१ रोजीं न्यायालयानें हुकूम दिला कीं, सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळांत पोरांस वर्षांतून निदान दोनशें दिवस शिजवलेलें अन्न द्या; कोरडा शिधा चालणार नाहीं. आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें तर सहा ते चौदा वर्षांच्या मुलास, सरकारी अगर अनुदानित शाळेंत आठवीपर्यंत, शाळेच्या दर दिवशीं एक वेळचें जेवण हा हक्कच ठरविला. २०२१ सालीं योजनेचें नांव बदलून पीएम पोषण झालें. नांवें बदलतात, पातेलें तेंच आहे.

हक्क हा शब्द आम्हीं मुद्दाम उच्चारला. तुमच्यांतील कांहीं बाया म्हणतात, "गुरुजी, सरकार फुकट खाऊं घालतंय, त्याला नांवं कशाला ठेवायची ?" बायांनो, हें फुकट नाहीं. तुम्ही मीठ वगळून बहुतेक सगळ्याच जिनसांवर कर भरतां. काडेपेटीवर भरतां, साबणावर भरतां, ट्रॅक्टरच्या डिझेलवर भरतां. तुमच्याच पैशाचें अन्न तुमच्याच पोरास मिळतें. वरण पाणचट झालें तर बोलावयाचा तुम्हांस अधिकार आहे. देवळाच्या प्रसादास नांव ठेवूं नये; परंतु हा प्रसाद नव्हे.

माप काय आहे तेंही पाठ करून ठेवा. पहिली ते पांचवीच्या पोरास दररोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. सहावी ते आठवीच्या पोरास १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, साडेसात ग्रॅम तेल. वीस ग्रॅम डाळ म्हणजे लहान मुठीची गोष्ट. धान्य सरकारी गोदामांतून वेगळें मिळतें. बाकी डाळ, भाजी, तेल, मीठमसाला व जळण या सर्वांस मिळून १ मे २०२५ पासून लहान वर्गांच्या पोरामागें दिवसाला ६ रुपये ७८ पैसे आणि मोठ्या वर्गांच्या पोरामागें १० रुपये १७ पैसे धरले आहेत. आपल्या फाट्यावर सहा रुपये अठ्ठ्याहत्तर पैशांत काय येतें, तें तुम्ही आम्हांस सांगा. अर्धा चहा येत असेल.

आतां अंड्यांकडे येतों. नोव्हेंबर २०२३ मध्यें राज्य सरकारनें ठरविलें कीं, आठवड्यांतून एक दिवस पोरांस अंडें द्यावें, आणि जें पोर अंडें खात नाहीं त्यास केळें किंवा दुसरें फळ द्यावें. चांगली गोष्ट झाली. अंड्याच्या दिवशीं आमच्या शाळेची हजेरी कशी असे, तें हजेरीपट काढून पाहा. परंतु जानेवारी २०२५ मध्यें सरकारनें त्यासाठींचा पैसा बंद केला. अंडीं द्यावयाचीं असलीं, गोड पदार्थ द्यावयाचा असला, तर शाळांनीं लोकसहभागांतून पैसा उभा करावा, असें कळविलें. मद्रासच्या एक आण्याचें जें १९२५ सालीं झालें तेंच येथें झालें. अंडें वाईट आहे असें कोणी म्हटलें नाहीं. फक्त त्याचें सदर बदललें.

लोकसहभाग हा शब्द गोड आहे. मोठ्या गांवांत साखर कारखाना आहे, दुकानदार आहेत, नोकरदार आहेत. तेथें सहभाग उभा राहील. ज्या वाडीवर दहा उंबरे कोरडवाहू आणि पांच उंबरे ऊसतोडीचे, तेथें कोण कोणाच्या खिशांत हात घालणार ? म्हणजे ज्या पोरास अंड्याची गरज अधिक, त्यासच तें मिळणार नाहीं. साताऱ्याच्या बोर्डिंगांतील मुलांच्या तोंडीं घास पडावा म्हणून लक्ष्मीबाई पाटलांनीं अंगावरचे दागिने मोडले, हें आपण मुलांस अभिमानानें सांगतों. सांगावेंच. परंतु त्या माउलीवर ती पाळी आली तेव्हां देशांत परक्यांचें राज्य होतें. आपल्या राज्यांतही पोरांचें जेवण कोणाच्या तरी दागिन्यांवर चालावें, असें कोणत्या कायद्यांत लिहिलें आहे ?

म्हणून आमचें म्हणणें असें आहे. वर्गणी काढूं या, कारण पोराचें वाढीचें वय सरकारच्या निर्णयाची वाट पाहत थांबत नाहीं. आमच्या शाळेंत साठएक पोरें. अंडें सात रुपयांस धरलें तर आठवड्यास ४२० रुपये; शाळेचे पस्तीस आठवडे धरले तर पंधरा हजारांच्या आंत वर्ष निघतें. गेल्या यात्रेंत एका रात्रीच्या वाजंत्रीला याहून अधिक गेले, आणि त्या आवाजानें दोन म्हाताऱ्यांना रात्रभर झोंप नव्हती. परंतु वर्गणीबरोबर ग्रामसभेचा ठरावही गेला पाहिजे कीं, ही रक्कम आम्ही उसनी भरीत आहों, सरकारचें काम आम्ही आपल्या शिरावर घेतलेलें नाहीं, आणि बंद केलेला पैसा परत सुरू करावा. नुसती वर्गणी दिली तर पुढल्या वर्षीं डाळही लोकसहभागांत जाईल. दांत कोरून सरकारचें पोट भरणार नाहीं, आणि पोरांचें तर मुळींच नाहीं.

अंडें नको म्हणणारीं घरें आपल्या गांवांत आहेत. माळकरी आहेत, त्यांचा आम्ही मान राखतों. त्यांच्या पोरास केळें मिळेल. परंतु आपण खात नाहीं म्हणून दुसऱ्याच्या पोराच्या ताटांतून तें काढावें, ही माळेची शिकवण नाहीं.

ताटाच्या गोष्टींत आणखी एक कांटा आहे. आम्ही स्पष्टच बोलतों. सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं सांगितलें कीं, शाळेंत स्वयंपाकीण नेमतांना दलित व आदिवासी बायांस आधीं संधि द्यावी. त्यानंतरही देशांत ठिकठिकाणीं अशा बाईच्या हातचें पोरांस खाऊं दिलें नाहीं, अशीं प्रकरणें झालीं. जोतीरावांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला तें साल १८६८. आमच्या शाळेंत पंगत एक असते, वर्गवारीनें बसते, आणि पोरें एकमेकांच्या ताटांतली उसळ पळवितात. त्यांस कांहीं होत नाहीं. घरीं गेल्यावर त्यांस "कोणाच्या शेजारीं बसला होतास ?" असें विचारलें जातें, तें थांबवा एवढेंच मागणें आहे.

त्या स्वयंपाकिणीचें मोल तरी काय ? केंद्र सरकारनें २००९ सालीं महिन्याला १००० रुपये ठरविले, तेही वर्षांतून दहा महिने. राज्यानें नंतर भर घातली, तरी आजही एका दिवसाचे पैसे खुरपणीच्या रोजाच्या पासंगास पुरत नाहींत. साठ पोरांचें रांधावयाचें, वाढावयाचें, भांडीं घासावयाचीं, आणि खिचडी करपली तर बोलणीं खावयाचीं. जिच्या हातीं आपलीं पोरें सोंपवितों तिला आपण मानधन देतों. मान नाहीं आणि धनही नाहीं.

यांत आमचें, म्हणजे शिक्षकांचें, काय ? आमचे कांहीं बंधु म्हणतात, हिशेब, नोंदी, रोजचा ऑनलाइन आंकडा, यांत शिकविण्याचा वेळ जातो. तें खरें आहे, आणि त्यासाठीं वेगळा माणूस द्यावा ही मागणी रास्त आहे. परंतु पोरांस वाढण्याआधीं चव घेणें हें काम कारकुनाचें नव्हे. बिहारांत सारण जिल्ह्यांतील गंडामन गांवीं १६ जुलै २०१३ रोजीं शाळेंतलें जेवण जेवून २३ पोरें मेलीं. अन्नांत मोनोक्रोटोफॉस सांपडलें. तुम्हां कापूसवाल्यांस तें नांव सांगावयास नको. फवारणीच्या बाटलीवर वाचलेलें आहे. तेव्हां शाळेच्या कोठीजवळ कोणाच्याही फवारणीचें सामान नको, आणि औषधाचा रिकामा डबा धुऊन तेलास वापरणें तर कोणाच्याच घरीं नको. २०१५ च्या नियमांनीं शिक्षकाची चव घेणें सक्तीचें केलें आहे. आम्ही रोज घेतों. आणि शाळा व्यवस्थापन समितींतील पालकांनींही पाळीनें यावें, असें नियमांचें धोरण आहे. गेल्या वर्षीं किती जण आले, तें वहींत आहे; मोठ्यानें वाचीत नाहीं.

शेवटचा वांटा तुमच्या घराचा. शाळा एक वेळ जेवूं घालते. बाकीच्या वेळा आणि सुटीचे दिवस घराकडे राहतात. कायद्याचें वीस ग्रॅम डाळीचें माप ऐकून कोणी असें समजूं नये कीं पोराचें दिवसाचें काम भागलें.

फार खर्चाचें आम्ही सांगत नाहीं. बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी हें पांच रुपयांच्या कुरकुऱ्यांच्या पाकिटाहून दसपट चांगलें अन्न आहे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनें असतात. नाचणींत शंभर ग्रॅमला तीनशें मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असतें; तांदळांत तें नांवापुरतें. बांधावरचा शेवगा, तांदुळजा, चाकवत, पाथरी यांस कोणी पैसे मागत नाहीं. पालेभाजीवर लिंबू पिळलें तर तिच्यांतलें लोह अंगीं अधिक लागतें. जेवणावर लगेच चहा प्यालें तर तें कमी लागतें. म्हणजे पोरास सकाळीं बटर-चहा देतां, तेव्हां पोटांत कांहीं जात नाहीं आणि जें जाणार तेंही अडतें. मटकी रात्रीं भिजवून मोड आणणें हें आमच्या पोरांस विज्ञानाच्या पुस्तकांत शिकवितों. त्यांच्या आज्यांस तें पुस्तकावांचून येत होतें. शहरच्या जाहिरातींतील डब्याला भुलून आपण आपल्या चुलीवरचें शहाणपण टाकून देतों, आणि मग तेंच नाचणीचें पीठ चकचकीत पाकिटांत दसपट दरानें परत घेतों.

आणि हें सारें आईनेंच करावें असा कायदा कोठें आहे ? "पोराच्या डब्याचें बायकोस विचारा," असें म्हणणारे बाप आज या सभेंत पुढल्या रांगेंत बसले आहेत. बाई सातला रानांत जाते. तुम्ही नऊपर्यंत टपरीवर असतां. पोरास भाकरी बांधून देणें यानें मिशी उतरत नाहीं. गुटख्याच्या दिवसाच्या दोन पुड्यांत पोराचीं दोन अंडीं येतात, हें गणित आमच्या तिसरींतल्या पोरानें आम्हांस फळ्यावर सोडवून दाखविलें. उदाहरण त्यानें स्वतः घातलें होतें. बापाचें नांव सांगत नाहीं.

ऊसतोडीस जाणाऱ्या बंधूंस एक निराळें सांगणें आहे. दिवाळी झाली कीं तुमच्या गाड्या निघतात, आणि पोरें फडावर जातात. तेथें ना पाटी ना पंगत. अन्नसुरक्षेचा कायदा शाळेंतल्या पोरापुरता. कोप्यावरच्या पोरास तो दिसत नाहीं. ज्यांचीं आजी-आजोबा गांवीं आहेत त्यांनीं पोर मागें ठेवावें. जीं पोरें जाणारच त्यांचीं नांवें निघण्याआधीं आम्हांस द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेंत त्यांस बसवून घेण्याबद्दल आम्ही पत्र देऊं. बसलेल्या पोरास तेथें जेवण मिळालेंच पाहिजे. दाखला नाहीं म्हणून ताट नाकारतां येत नाहीं. नाकारलें तर आम्हांस फोन करा, मग रात्रीचे दहा वाजले असले तरी चालेल.

आतां कामाचें. ग्रामसभेच्या ठरावाचा मसुदा आमच्या हातांत आहे; तो सरपंच वाचतील. वर्गणीच्या कागदावर पहिला आंकडा आम्हां दोघां शिक्षकांचा आहे. पैसे देणें ज्यांस होणार नाहीं त्यांनीं शेवग्याच्या शेंगा, लिंबें, भोपळा, जें बांधावर असेल तें शनिवारीं शाळेंत पोंचवावें. त्याची नोंदही रुपयांच्याच वहींत होईल. चव घेण्याच्या पाळ्या लावावयाच्या आहेत. सोमवारची पाळी कोणाची ? बायांकडून तीन हात वर आलेले आम्हांस दिसतात. पुरुषमंडळींपैकीं कोण ?